बाजारभावाचा उतारा व ब्राउझरचें पान

आपल्या मासिकाच्या वाचकांपैकीं बहुतेकांच्या खिशांत आतां इंटरनेट चालणारा फोन आहे, व बाजाराचा भाव त्यावर पाहतां येतो हेंही सर्वांस ठाऊक आहे. असें असतां त्याविषयीं निराळा लेख लिहिण्याचें प्रयोजन काय, असा प्रश्न कोणीही करील. त्याचें उत्तर असें कीं, भाव पाहणें ही एक गोष्ट, आणि दुसऱ्याच्या पानावरील भाव उतरवून घेऊन आपल्या पानावर चार लोकांस दाखविणें ही अगदीं निराळी गोष्ट आहे. पहिलींत चूक झाली तर ती ज्याची त्याची. दुसरींत जबाबदारी येते. ही जबाबदारी वेळींच न ओळखल्यामुळें माझ्या हातून एक चूक घडली व एका शेतकरी बंधूचें नुकसान झालें. जे कोणी असा उद्योग करूं इच्छीत असतील त्यांस माझ्या अनुभवाचा उपयोग व्हावा, एवढाच या लेखाचा हेतु आहे.

मी महसूल खात्यांत कारकून होतों. शिक्षण मराठी शाळेंतलें, इंग्रजी कामापुरतें. वयाच्या ५८ व्या वर्षीं निवृत्त होऊन गांवीं आलों, तेव्हां संगणकाशीं माझा संबंध पत्रें टंकलिखित करणें व गोषवारे तयार करणें यापुरताच होता. नाशिक जिल्ह्यांतील आमच्या भागांत कांदा हें मुख्य नगदी पीक. उन्हाळी कांदा निघाला कीं, माल लासलगांवीं न्यावा कीं पिंपळगांव बसवंतास, विंचुरास कीं येवल्यास, ही चर्चा घरोघर सुरू होते. भाव कळण्याचीं साधनें पुष्कळ आहेत. केंद्र सरकारच्या विपणन व निरीक्षण संचालनालयाचें ॲगमार्कनेट हें संकेतस्थळ २००० सालापासून आहे. महाराष्ट्र राज्य कृषी पणन मंडळही बाजार समित्यांचे दर प्रसिद्ध करितें. परंतु पांच बाजारांची तुलना करावयाची तर निरनिराळीं पानें उघडून आंकडे मनांत धरून ठेवावे लागत. बांधावर उभ्या असलेल्या माणसास तितकी सवड नसते, व त्याच्या फोनला तितकी रेंजही नसते. तेव्हां पांच बाजारांचे भाव एकाच पानावर, मोठ्या अक्षरांत, आपल्या संघाच्या कचेरींतील पडद्यावर व प्रत्येकाच्या फोनवर दिसावे, असें माझ्या मनांत आलें.

माझी धाकटी मुलगी संगणकाचें शिक्षण घेतलेली असून पुण्यास नोकरीस आहे. तिला फोनवरून हा बेत सांगितला तेव्हां ती म्हणाली, "अण्णा, तुम्हीं जन्मभर उतारेच काढले ना? हेंही तेंच आहे. फक्त दप्तर दुसऱ्याचें आहे." या एका वाक्यानें मला धीर आला, आणि त्यांतील दुसऱ्या अर्धाचा अर्थ कळण्यास मला पुढें सहा महिने लागले.

पान म्हणजे काय

ज्या साधनानें आपण इंटरनेटवरील पानें उघडतों त्यास ब्राउझर म्हणतात. या सर्व व्यवस्थेची मूळ योजना टिम बर्नर्स-ली यांनीं १९८९ सालीं जिनीव्हाजवळील सर्न या संशोधनसंस्थेंत मांडली. शास्त्रज्ञांस आपापलीं टिपणें एकमेकांस वाचावयास मिळावीं हा तिचा हेतु होता. १९९१ सालीं ती संस्थेबाहेरील लोकांस खुली झाली. पान मागितलें असतां समोरचा सर्व्हर चित्र पाठवीत नाहीं, तर खुणा घातलेला साधा मजकूर पाठवितो. त्या खुणांच्या भाषेस एचटीएमएल म्हणतात. कोष्टकाच्या आरंभीं व शेवटीं 'टेबल' ही खूण असते, प्रत्येक ओळीस 'टीआर' व प्रत्येक घरास 'टीडी' अशी खूण असते. ब्राउझर त्या खुणा वाचून रेघा, रंग व अक्षरें काढून देतो.

यावरून लक्षांत येईल कीं, पडद्यावर दिसणारें भावाचें कोष्टक मुळांत ओळी व घरें यांचीच यादी असते. खुणांच्या आधारें घरांतला मजकूर तेवढा वेगळा करून घेणें यास या धंद्यांत स्क्रेपिंग म्हणतात. दुधाच्या भांड्याची खरवड काढावी तसेंच तें काम आहे. भांडें तेथेंच राहतें, कामाचें तेवढें आपल्याकडे येतें.

पहिला प्रयत्न व त्याचें अपयश

प्रथम मला वाटलें कीं, आपण एक पान तयार करावें, व त्या पानानेंच उघडल्याबरोबर बाजाराच्या संकेतस्थळाकडे जाऊन कोष्टक आणावें. ब्राउझरला अशा आज्ञा जावास्क्रिप्ट या भाषेंत देतां येतात. मुलीनें सांगितल्याप्रमाणें आज्ञा लिहिली, पान उघडलें, आणि पडदा कोराच राहिला. कळफलकावरील एफ-१२ ही कळ दाबली असतां ब्राउझरचा जो आंतला फलक उघडतो, त्यावर तांबड्या अक्षरांत एक ओळ मात्र आली होती. दोन रात्रीं मी आज्ञेंतील स्वल्पविराम तपासण्यांत घालविल्या. चूक आज्ञेंत नव्हतीच.

कारण असें आहे. जावास्क्रिप्ट १९९५ सालीं नेटस्केपच्या ब्राउझरांत आली, आणि तिच्या पाठोपाठच एक नियमही आला कीं, एका संकेतस्थळाच्या पानानें दुसऱ्या संकेतस्थळाचा मजकूर वाचूं नये. हा नियम जाचक वाटला तरी आपल्याच हिताचा आहे. आपण फोनवर एकीकडे बँकेचें खातें उघडलें आहे व दुसरीकडे एखादें अनोळखी पान उघडलें आहे, अशी कल्पना करा. हा नियम नसता तर त्या अनोळखी पानास आपल्या नांवानें बँकेचें पान मागवून त्यांतील शिल्लक वाचतां आली असती. एका सज्जाच्या तलाठ्यानें हुकुमाशिवाय दुसऱ्या सज्जाचें दप्तर उघडूं नये, तशीच ही मर्यादा आहे. ज्या संकेतस्थळास आपला मजकूर इतरांच्या पानांनीं वाचलेला चालतो, तें आपल्या उत्तराबरोबर तशी अनुज्ञा लिहून पाठवितें. ती अनुज्ञा नसेल तर ब्राउझर आलेलें उत्तर आपल्या पानाच्या हातीं देत नाहीं.

तीन हातांची योजना

तेव्हां काम तीन जणांत वांटून दिलें. पहिला आणणारा, दुसरा ठेवणारा व तिसरा दाखविणारा.

आणणारा म्हणजे संगणकावर चालणारा एक छोटा प्रोग्रॅम. तो ब्राउझरच्या बाहेर स्वतंत्रपणें चालतो. त्याजवळ आपल्या बँकेच्या किंवा कोणत्याही खात्याच्या चाव्या नसतात, म्हणून वरील नियम त्यास लागू होत नाहीं. मीं तो पायथन या भाषेंत लिहिला. ही भाषा गुइडो व्हॅन रॉसम यांनीं १९९१ सालीं प्रसिद्ध केली. ती विनामूल्य मिळते, व तिची वाक्यरचना इतकी सुबोध आहे कीं माझ्यासारख्यासही ती जमली. तींत पान आणण्यास 'रिक्वेस्ट्स' व घरें वेगळीं करण्यास 'ब्यूटिफुल सूप' अशीं तयार साधनें आहेत.

ठेवणारी म्हणजे एक फाइल. आणलेले भाव तींत जेसन या पद्धतीनें लिहावे. या पद्धतींत प्रत्येक किंमतीपुढें तिचें नांव असतें: बाजार अमुक, किमान दर अमुक, कमाल दर अमुक. नांव व आंकडा यांची जोडी तुटत नाहीं, हा तिचा मोठा गुण.

दाखविणारें म्हणजे आपलें पान. पान व फाइल एकाच ठिकाणीं असल्यामुळें पानास ती वाचण्याची मनाई नसते. परंतु येथें एक खोंच आहे. संगणकावरील पानाच्या फाइलवर दोनदां टिचकी मारून तें उघडलें, तर क्रोमसारखे ब्राउझर शेजारची फाइलसुद्धां वाचूं देत नाहींत व पुन्हां तीच तांबडी ओळ येते. पान सर्व्हरमार्फतच उघडावें लागतें. त्यासाठीं मोठा खर्च नको. पायथनबरोबरच एक लहानसा सर्व्हर मिळतो व तो एका ओळीच्या आज्ञेनें सुरू होतो. काम बरोबर चालूं लागलें म्हणजे मग पान व फाइल बाहेरच्या सर्व्हरवर ठेवावी, म्हणजे फोनवरही तें दिसतें.

पानांत भाव मांडतांना आणखी एक पथ्य पाळावें. बाहेरून आणलेला मजकूर पानांत केवळ मजकूर म्हणूनच ठेवावा. खुणांची भाषा म्हणून ब्राउझरच्या हातीं देऊं नये. त्या मजकुरांत एखादी घातक आज्ञा दडलेली असली, तर ती आपल्या पानांत चालूं लागते.

कांहीं लहान अडचणी

पहिली अडचण अशी कीं, डोळ्यांस कोष्टक दिसतें, परंतु आणलेल्या मजकुरांत तें सांपडतच नाहीं. अशा वेळीं समजावें कीं, मूळ पान रिकामें येतें व त्यांतील जावास्क्रिप्ट मागाहून दुसऱ्या पत्त्यावरून आंकडे आणून कोष्टक भरते. एफ-१२ च्या फलकावर 'नेटवर्क' हा भाग उघडून पान पुन्हां मागविलें असतां तो दुसरा पत्ता दिसतो. बहुधा तेथें आंकडे जेसनमध्येंच आयते मिळतात.

दुसरी अडचण लिपीची. आपली देवनागरी युनिकोडप्रमाणें लिहिलेली असेल तर ती सर्वत्र सारखी दिसते. परंतु कृतिदेवसारख्या जुन्या टंकांत लिहिलेला मजकूर आणला असतां बाजाराच्या नांवाऐवजीं रोमन अक्षरांचा अर्थहीन घोळ दिसतो, कारण त्यांत देवनागरी मुळीं नसतेच. रोमन अक्षरांस देवनागरीचें रूप दिलेलें असतें. त्यास रूपांतर करावें लागतें. आपलें पान लिहितांनाही त्याच्या आरंभीं 'यूटीएफ-८' ही लिपिसंकेताची नोंद अवश्य करावी.

तिसरी अडचण आंकड्यांची. आणलेला आंकडा हा संगणकाच्या दृष्टीनें प्रथम मजकूर असतो. त्यास संख्या केल्याविना भाव उतरत्या क्रमानें लावले, तर ९०० हे १२०० च्या वर येऊन बसतात. कारण मजकूर म्हणून पाहतां ९ हा १ नंतरचा. स्वल्पविराम काढावा, मग संख्या करावी, मग क्रम लावावा. आणि रिकामें घर असेल तेथें शून्य कधींही लिहूं नये. भाव शून्य असणें व भावाची नोंद नसणें यांत जमीनअस्मानाचें अंतर आहे.

घडलेली चूक

या सर्व अडचणी ओलांडून गेल्या फाल्गुनांत आमचें पान सुरू झालें. त्यावर बाजाराचें नांव व सर्वसाधारण दर एवढेच दोन रकाने होते. सर्वसाधारण दर म्हणजे ज्या दरानें त्या दिवशीं अधिकांत अधिक माल विकला जातो तो. शेतकऱ्यानें हिशेब धरावा तो याच दराचा. लोकांस पान पसंत पडलें. संध्याकाळीं कचेरींतील पडद्यासमोर चार माणसें जमूं लागलीं, व मला त्याचा थोडा अभिमानही वाटूं लागला.

वैशाखांत आमच्या वस्तीवरील एका शेतकऱ्यानें आमचें पान पाहून बेत केला. जवळच्या बाजाराचा सर्वसाधारण दर क्विंटलास १३०० रुपये होता. दूरच्या एका बाजाराचा पानावर १७५० दिसत होता. त्याचा माल २० क्विंटल. ४५० रुपयांच्या फरकानें ९००० रुपये अधिक येतील, दूरच्या गाडीभाड्यास ३००० रुपये जास्त पडले तरी ६००० उरतील, हा त्याचा हिशेब बिनचूक होता. त्यानें पहाटे गाडी काढली. लिलावांत त्याच्या कांद्यास १३८० रुपये मिळाले. फरकाचे १६०० रुपये आले, भाड्याचे ३००० जास्त गेले; म्हणजे जवळ विकला असता त्यापेक्षां १४०० रुपये कमीच हातीं आले, आणि दिवस गेला तो निराळाच.

संध्याकाळीं तो घरीं आला. रागावला नाहीं. ओटीवर बसून पाणी प्याला व म्हणाला, "भाऊसाहेब, तिथल्या फळ्यावर सर्वसाधारण भाव कालही तेराशें ऐंशीच होता म्हणे. मग तुमच्या पानावर साडेसतराशें कुठून आले?"

मीं मूळ संकेतस्थळ उघडलें, आणि माझ्या पायांखालची जमीन सरकली. त्या कोष्टकांत पूर्वीं सहा रकाने होते: बाजार, जात, आवक, किमान, कमाल व सर्वसाधारण. माझा प्रोग्रॅम डावीकडून मोजून सहावें घर उचलीत असे. मधल्या काळांत त्या लोकांनीं जातीपुढें 'परिमाण' हा नवा रकाना घातला होता. तसें करण्याचा त्यांस पूर्ण अधिकार होता, दप्तर त्यांचें. पण त्यामुळें रकाने सात झाले, सर्वसाधारण दर सातव्या घरीं गेला, व सहाव्या घरीं कमाल दर येऊन बसला. त्या दिवशीं एखाद्या उत्तम मालास मिळालेला १७५० हा कमाल दर मीं सर्वांचा दर म्हणून दाखविला होता.

या चुकीचें भय असें कीं, ती ओरडत नाहीं. प्रोग्रॅम अडला नाहीं, तांबडी ओळ आली नाहीं, पान कोरें राहिलें नाहीं. त्या जागीं बाजाराचें नांव किंवा अक्षरें आलीं असतीं तर मूलही हंसलें असतें. परंतु आला तो कांद्याचाच भाव, त्याच दिवसाचा, त्याच बाजाराचा. चार दिवस तो तसाच दिसत राहिला.

मीं नुकसानीचे १४०० रुपये देऊं केले. त्यानें ते घेतले नाहींत. म्हणाला, "पैसे ठेवा. त्यापरीस त्या पानावर एवढं लिहीत जा, कीं हा आंकडा कुणाचा आणि कधीचा. म्हणजे आम्हीं विश्वास किती ठेवायचा तें आमचं आम्हांला कळेल."

चौतीस वर्षें मीं नकला दिल्या. नक्कल मूळ कोणत्या दप्तरांतील, कोणत्या तारखेची, कोणीं रुजुवात केली, हें लिहिल्याविना एकही कागद माझ्या टेबलावरून बाहेर गेला नाहीं. आणि पडद्यावर नक्कल काढतांच मी हा सारा शिरस्ता विसरलों, कारण तेथें शिक्का मागणारें कोणी नव्हतें.

नंतर केलेली सुधारणा

त्याच आठवड्यांत पान बंद करून पुन्हां लिहिलें. आतां प्रोग्रॅम घरें मोजीत नाहीं. तो प्रथम रकान्यांचीं शीर्षकें वाचतो व ज्यावर 'सर्वसाधारण दर' असें लिहिलें असेल तोच रकाना घेतो. अपेक्षित शीर्षकांपैकीं एकही कमीजास्त आढळलें तर तो काम थांबवितो व मला निरोप पाठवितो. किमान, सर्वसाधारण व कमाल हे तिन्ही दर आतां पानावर असतात. सर्वसाधारण दर दोहोंच्या मध्यें नसेल तर ती ओळ रोखली जाते. प्रत्येक भावाखालीं परिमाण, आवक, मूळ कोष्टकांतील तारीख, उतारा घेतल्याची वेळ व मूळ पानाचा दुवा असतो.

तारीख मूळ कोष्टकांतूनच घ्यावी, हें विशेषेंकरून सांगतों. पुष्कळ लोक पानाच्या माथ्यावर 'आजचे भाव' लिहून पुढें ब्राउझरच्या घड्याळाची तारीख घालतात. सुटीच्या दिवशीं बाजार बंद असतो, फाइल परवाचीच राहते, आणि पान मात्र दररोज नव्या तारखेनें शिळे भाव वाढीत राहतें. आमच्या पानावर नोंद जुनी असेल तर ती करड्या अक्षरांत दिसते, व मिळालीच नाहीं तर 'आज नोंद मिळाली नाहीं' असें स्पष्ट लिहिलें जातें. आरंभीं लोकांस तें खटकलें. आतां त्यांसही तेंच बरें वाटतें.

दुसऱ्याच्या दारींची रीत

शेवटीं शिष्टाचाराविषयीं दोन शब्द. संकेतस्थळाच्या मुळाशीं बहुधा 'रोबोट्स' नांवाची एक साधी फाइल असते. प्रोग्रॅमांनीं कोठें यावें व कोठें येऊं नये, हें तींत लिहिलेलें असतें. हा संकेत १९९४ पासून चालत आलेला असून २०२२ सालीं त्यास रीतसर मानकाचें रूप मिळालें. ती फाइल व संकेतस्थळाच्या अटी आधीं वाचाव्या, आणि मनाई असेल तेथें जाऊं नये. परवानगी असली तरी दर मिनिटास पान मागवून दुसऱ्याच्या सर्व्हरवर भार घालूं नये. बाजारभाव दिवसांतून एकदां, लिलाव आटोपल्यावर आणले तरी पुरतात.

आणि उघडें दार असतां कुंपणावरून उडी कां मारावी? भारत सरकारच्या खुल्या माहितीच्या संकेतस्थळावर बाजारांचे दैनंदिन दर प्रोग्रॅमास वाचतां येतील अशाच रूपांत मिळतात. तेथें नांव नोंदविल्यावर एक किल्ली मिळते, ती मागणीबरोबर पाठवावी लागते. हें मला उशिरां कळलें. जे बाजार तेथें मिळतात ते आतां मी तेथूनच घेतों, व उरलेल्यांपुरताच उतारा काढतों. तपासणी मात्र दोहोंस सारखीच लावतों.

ज्या बंधूंस हें काम करावयाचें असेल त्यांनीं संगणकास भिऊं नये. आज्ञा लिहिणें महिन्या-दोन महिन्यांत जमतें. अडलें तर घरांतील शिकलेल्या मुलामुलींस विचारण्यांत कमीपणा नाहीं. भिण्यासारखी गोष्ट एकच आहे, ती म्हणजे पडद्यावर सुबक दिसणारा, पण कोणाचा व कधीचा तें न सांगणारा आंकडा. त्या आंकड्यावर कोणीतरी पहाटे गाडी जुंपतो, हें पान करणारानें क्षणभरही विसरूं नये.

तो शेतकरी बंधु आजही संध्याकाळीं कचेरींत येतो. भाव पाहण्याआधीं तो तारीख वाचतो, आणि मग माझ्याकडे पाहून मान हलवितो.